नापास होण्याची तालीम

आमचे बाबा शंभरपैकी एक्क्याण्णव गुणांनी पास झाले आणि आमचं घर बुडालं.

हे वाचून कुणी अभिनंदन करायला निघाला असेल तर त्याने घरातच बसावं. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. परीक्षा होती ती त्यांना स्वतःचं स्वतः किती जमतं याची. पस्तीस किंवा त्याहून कमी गुण पडले तर सरकारी ज्येष्ठ सेवा कक्षाकडून रोज दोन तास एक शिकलेला माणूस घरी येतो. अंघोळ घालतो, उठवतो, बसवतो, कपडे चढवतो. पस्तीसच्या वर गेलात की तुम्ही धडधाकट, तुम्हाला नमस्कार. म्हणजे शाळेत पस्तीसला पास करतात आणि इथे पस्तीसला माणूस देतात. ज्याने हा आकडा ठरवला तो शाळेत किती वेळा बसला होता, हा संशोधनाचा विषय आहे.

आम्हाला तो माणूस हवा होता. खासगी माणूस ठेवायची आमची ऐपत नाही, हे एकदाच सांगतो आणि पुन्हा त्याचं रडगाणं गात नाही. मी आणि बायको सकाळी आठला कामावर जातो. दिवसभर बाबांना उचलायचं काम आई करते. आई अठ्ठ्याहत्तरची आहे. बाबांचं वजन बहात्तर किलो, आईचं सेहेचाळीस. डॉक्टरांनी आईला पाहून सांगितलं होतं, "आजी, तुम्ही आता जड काही उचलायचं नाही." आई म्हणाली, "छे, मी कुठे काय उचलते? फक्त ह्यांना उचलते." आई कायमची आडवी व्हायच्या आत तो माणूस घरात आणायचा, एवढाच माझा बेत होता. एक अर्ज, एक तपासणी, एक माणूस. महिनाभराचं काम आहे, असं मी बायकोला छाती पुढे काढून सांगितलं होतं. ती छाती आता पुन्हा कधी पुढे येईल असं वाटत नाही.

तर हे एक्क्याण्णव गुण पडले कसे?

चूक आमचीच. पत्र आलं की अमुक दिवशी सकाळी अकराला तपासनीस घरी येतील. घरी कुणी येणार म्हटल्यावर आमच्या घरात नेहमी जे होतं तेच झालं. चादरी बदलल्या. पडदे धुतले. गादीवर अंथरलेलं रबरी कापड आईने गुंडाळून मागच्या बाल्कनीत टाकलं, त्यावर चार पायांचा वॉकर, त्यावर भोक असलेली ती खुर्ची, आणि या सगळ्यावर एक जुनं बेडशीट. "येणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर कशाला ते," ती म्हणाली. मला ते इतकं पटलं की मी स्वतः बेडशीटचं टोक नीट खोचलं. बायकोने खोलीत अत्तर फवारलं. आईने बाबांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. एकट्या पँटमध्ये त्यांचे पाय घालायला तिला चाळीस मिनिटं लागली. आणि मी, कपाळकरंटा, त्यांच्या बुटांना पॉलिश केलं.

पुरावा नष्ट करण्याचं काम एखाद्या खुनी कुटुंबानेही इतक्या आवडीने केलं नसेल.

तपासनीस बाई आल्या. तिशीच्या, हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर दिवसातल्या चौथ्या घराचा कंटाळा. बाबांनी त्यांचं ओळखपत्र वाचलं आणि त्यांची मान ताठ झाली. कारण बाबाही इन्स्पेक्टर. पोलिसातले नव्हेत. पंप बनवणाऱ्या कारखान्यात एक्केचाळीस वर्षं मालाची तपासणी केली त्यांनी. हातात गेज, कानाला लाल खडू. जो भाग मापात बसणार नाही त्यावर लाल फुली, आणि मग कारखान्याचा मालक आला तरी ती फुली पुसायची नाही. एकदा मालक खरंच आला होता. फुली राहिली, बाबांची बढती राहिली.

"तुम्ही इन्स्पेक्शनला का?" बाबांनी विचारलं. "वा. मीही त्याच लायनीतला."

झालं. तिथून पुढे अर्जदार आणि तपासनीस असं काही उरलंच नाही. दोन सहकारी गप्पा मारत होते, आणि सहकाऱ्यासमोर कोण कमीपणा घेतो?

"आजोबा, अंघोळ स्वतः करता?"

"रोज करतो."

अंघोळ रोज होते हे खरं आहे.

"शौचाला स्वतः जाता?"

आता चित्र डोळ्यासमोर आणा. समोर परकी तरुण बाई. दारात सून चहाचा ट्रे घेऊन उभी. अंगात इस्त्रीचा शर्ट. या जगात असा कोणता बाप आहे जो म्हणेल, की नाही बाई, मला बायको धरून नेते, आणि कधीकधी तिथवर पोचत नाही?

"म्हणजे काय!" बाबा म्हणाले. "ते काम दुसऱ्यावर सोपवता येतं का?"

बाई हसल्या. आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याचे दहा गुण पडले, हे आम्हाला नंतर कळलं.

"गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात?"

"पडलो नाही. एक-दोनदा बसलो, जरा घाईने."

"आजी, तुम्हाला यांचं काही करावं लागतं का?"

मी आईकडे पाहिलं. डोळ्यांनी, भुवयांनी, खांद्यांनी, अंगात जेवढे अवयव हलतात तेवढ्यांनी खुणावलं. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "नाही हो. ह्यांचं सगळं हेच करतात. मला काही बघावंच लागत नाही."

मग चालण्याची चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बाईंनी घड्याळ काढलं. बाबांनी विचारलं, "मर्यादा किती सेकंदांची?" त्या म्हणाल्या, "बारा सेकंदांत झालं तर पूर्ण गुण, पण आजोबा, सावकाश..." बाबांनी 'सावकाश' ऐकलंच नाही. ते उठले. गेलं वर्षभर मी त्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं. दात आवळलेले, मानेची शीर टम्म, पॉलिश केलेले बूट टाकत ते गेले, वळले, आले, बसले. अकरा सेकंद! बायकोने टाळी वाजवली. मी तर, खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

बाई गेल्यावर पुढचे चार दिवस बाबा बिछान्यातून उठले नाहीत. आईने त्यांना कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. त्या चार दिवसांची तपासणी करायला कुणी आलं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'आपण स्वावलंबी आहात. अभिनंदन.' बाबांनी ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "माझ्या सर्टिफिकेटांच्या फाईलला लाव."

इथे परिपत्रक काकांचा प्रवेश होतो. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पस्तीस वर्षं हेडक्लार्क होते आणि निवृत्तीनंतरही त्यांच्या अंगातून कार्यालय गेलेलं नाही. त्यांच्याशी बोलताना प्रत्येक वाक्याला आवक क्रमांक पडतोय असं वाटतं. पत्र पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"अपील करा. तीस दिवसांची मुदत आहे. नियम नऊ."

"अपील कुठे करायचं?"

"आधी हेल्पलाईन. तिथून टोकन. टोकनाशिवाय खिडकी नाही."

हेल्पलाईनवर एका गोड आवाजाने सांगितलं की आपण रांगेत एकोणिसावे आहात. मी स्टोअरकीपर आहे. नटबोल्ट मोजता मोजता मी फोन कानाला लावून ठेवला. एकोणिसावरून सोळावर आलो, सोळावरून एकदम बावीसवर गेलो. रांगेत उभा असलेला माणूस मागे कसा जातो, याचं उत्तर त्या बाईकडे नव्हतं, कारण ती बाई नव्हतीच, यंत्र होतं. दुसऱ्या दिवशी लागला एकदाचा. अर्जदाराच्या फोनवर सहा आकडे येतील ते सांगा, म्हणाले. अर्जदाराचा फोन म्हणजे बाबांचा जुना नंबर. तो वर्षभरापूर्वी बंद झाला, कारण बाबांना बटणं नीट दाबता येत नाहीत. नंबर बदलायचा असेल तर? "अर्जदाराने स्वतः कार्यालयात यावं." अर्जदाराला चालता येत नाही हो! "तसं असेल तर आपण सेवेसाठी अर्ज करू शकता."

मी फोन ठेवला आणि स्टोअरमध्ये एक अख्खा खोका बोल्ट लाथ मारून सांडला. ते सगळे मलाच मोजावे लागले.

ज्येष्ठ सेवा कक्ष तिसऱ्या मजल्यावर आहे. म्हाताऱ्यांचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर नेण्याचा निर्णय ज्या बैठकीत झाला त्या बैठकीत सगळ्यांचे गुडघे शाबूत असणार. लिफ्ट आहे. लिफ्टवर पाटी आहे, 'लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.' ती पाटी पितळी आहे. स्क्रूने बसवलेली आहे. स्क्रूंना गंज चढलेला आहे.

बाबांना खाली टॅक्सीत ठेवून मी आणि परिपत्रक काका टोकनाशिवायच वर गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज पाहिला.

"अर्जदार कुठे आहेत?"

"खाली, टॅक्सीत."

"वर आणा."

"अहो, त्यांना जिना चढता येत नाही म्हणून तर अपील आहे."

"ते खरं कशावरून? पाहिल्याशिवाय?"

"आणि वर आणले तर तुम्ही म्हणाल, चढले की!"

"तो पुढचा मुद्दा झाला," कारकून म्हणाला.

परिपत्रक काका माझ्या कानात कुजबुजले, "मुद्दा बरोबर आहे त्याचा." त्या क्षणी मी त्यांना जिन्यावरून ढकललं नाही, याबद्दल माझ्या नावाने एखादा पुरस्कार ठेवावा.

टॅक्सीवाला भला माणूस. शिपायाची खुर्ची मागून घेतली, बाबांना तीत बसवलं, मी मागून, टॅक्सीवाला पुढून. परिपत्रक काका फाईल छातीशी धरून पुढे, "वळण! वळण आलं! डावी बाजू सांभाळा!" असे आदेश देत. पहिल्या मजल्यावर मला दिसेनासं झालं. दुसऱ्या मजल्यावर टॅक्सीवाला म्हणाला, "भाऊ, तुम्ही तर म्हणालात बारीक आहेत." बाबा अधांतरी, दोन्ही हात मांडीवर. खालून कुणी पाहिलं असतं तर वरात चालली आहे असंच वाटलं असतं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "या खुर्चीचा मागचा डावा पाय आखूड आहे."

"बाबा, गप्प बसा!"

"बसलोय म्हणूनच कळतंय."

खिडकीशी पोचलो. कारकुनाने खिडकीतून एक छोटं यंत्र पुढे सरकवलं. बाबांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल. दहाही बोटं झाली, दहाही लाल. एक्केचाळीस वर्षं तेलकट लोखंडावरून बोट फिरवून बाबा सांगायचे की पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरखरीत. लोखंड गुळगुळीत झालं तशी बोटंही झाली. त्यांना ठसे उरलेलेच नाहीत.

"व्यक्ती जुळत नाही," कारकून म्हणाला.

"समोर बसली आहे ती!" मी ओरडलो. मागची रांग माझ्याकडे पाहायला लागली. रांगेत सगळे सत्तरीच्या पुढचे, कुणी जिन्याच्या कठड्याला धरून, कुणी एकमेकांना. कुणी काही बोललं नाही. दम लागलेल्या माणसाला राग परवडत नाही, आणि हे ज्याने जिना निवडला त्याला पक्कं ठाऊक असणार.

"अरे, ओरडू नकोस," बाबा शांतपणे म्हणाले. "आधी यंत्र तपासा. साहेब, तुमचं बोट लावा."

कारकुनाने बोट लावलं. हिरवा दिवा.

बाबांनी मान हलवली. "मग यंत्र ठीक आहे. मालच खराब आहे."

सही चालली शेवटी. बाबांची सही अजून तारेसारखी सरळ आहे. कारकुनाने पोचपावती भरली. त्यात एक रकाना होता, 'अर्जदार कार्यालयात कसा आला.' पर्याय दोन, चालत किंवा वाहनाने. उचलून आणण्याचा पर्याय नव्हता. त्याने थोडा विचार करून 'चालत' वर खूण केली, कारण वाहन तिसऱ्या मजल्यापर्यंत येत नाही.

फेरतपासणीची तारीख मिळाली दहा आठवड्यांनंतरची.

सहाव्या आठवड्यात आई पडली. मी कामावर होतो, बायकोही. बाबांना न्हाणीघरातून बाहेर काढताना तिने त्यांना काखेत हात घालून उचललं, दोघांचाही तोल गेला. बाबा तिच्यावर पडले. तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दोघं ओल्या फरशीवर तासभर पडून होती. फोन बाहेरच्या खोलीत. परिपत्रक काका वर, पण न्हाणीघरातला आवाज तिथवर पोचत नाही. आई नंतर मला सांगत होती, "हे सारखे म्हणत होते, तू ओरड, मी ओरडलो तर लोक काय म्हणतील." आणि ती हसत होती. मला सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

मी कक्षाला फोन करून सांगितलं की आता घरात उचलणारंच कुणी नाही, तारीख अलीकडे घ्या. ते म्हणाले, "आजींसाठी वेगळा अर्ज करा. त्यांची वेगळी तपासणी होईल."

मी रजा टाकल्या, संपवल्या, मग बिनपगारी टाकल्या. बाबांना अंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी पाठीवर पाणी घातलं. "पुढचं मी घेतो," ते म्हणाले. मग्गा त्यांच्या हातातून दोनदा सुटला. तिसऱ्यांदा मी घातलं. अंग पुसताना ते एवढंच म्हणाले, "साबण कानामागे राहिलाय." तपासणी पक्की.

फेरतपासणीला आठवडा उरला तेव्हा परिपत्रक काकांनी आमच्या बैठकीच्या खोलीत तालीम सुरू केली.

"दाढी आठवडाभर बंद. शर्टाची बटणं वरखाली. प्रश्न विचारला की आधी छताकडे बघायचं, मग 'काय?' म्हणायचं. तीनदा 'काय?' म्हटलं की ऐकण्याचे गुण शून्य. आजचा वार विचारला की कालचा सांगायचा."

"का?" बाबांनी विचारलं.

"आकलनाचे दहा गुण आहेत! तिथेच माणूस मार खातो. बोला, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"चुकलं! म्हणजे बरोबर आहे, म्हणून चुकलं. पुन्हा. वार कोणता?"

"तुम्ही कॅलेंडर का नाही बघत?" बाबा म्हणाले.

अशा चार तालमी झाल्या. चौथ्या दिवशी परिपत्रक काका स्वतःच वार विसरले.

"मी खोटा रिपोर्ट देणार नाही," बाबा मला शेवटी म्हणाले.

आणि माझा बांध फुटला. "खोटा तर मागच्या वेळी दिलात! अंघोळ स्वतः करतो, पडलो नाही, अकरा सेकंद! सगळा बनावट माल पास केलात तुम्ही. आणि फुली कुणावर पडली? ते बघा!"

आई खिडकीशी बसली होती, प्लास्टर मांडीवर ठेवून, डाव्या हाताने टॉवेलची घडी घालायचा प्रयत्न करत. "अरे, ओरडतोस काय बापावर," ती म्हणाली. "माझं काय, दुसरा हात आहे की."

बाबा बराच वेळ त्या प्लास्टरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेव. आणि दाढी कर माझी. रिपोर्ट द्यायचा तर नीट कपड्यात देईन."

या वेळी बाल्कनीत काही लपवलं नाही. रबरी कापड गादीवर, वॉकर दारात, ती खुर्ची खोलीच्या मधोमध, एखाद्या सिंहासनासारखी.

या वेळचे तपासनीस पुरुष होते, पन्नाशीचे, दमलेले. त्यांचं टॅबलेट बंद पडलं होतं, म्हणून छापील फॉर्म आणि पेन. त्यांनी खोली पाहिली, वॉकर पाहिला, आईचं मनगट पाहिलं. पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं तोच बाबांनी हात वर केला.

"तुम्ही लिहा. मी सांगतो."

आणि एक्केचाळीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी पंपांचे अहवाल दिले असतील, त्या आवाजात बाबांनी स्वतःचा अहवाल दिला.

"उजवा गुडघा, निकामी. डावा, आधार दिला तर चालतो. अंघोळ मुलगा घालतो, स्वतः शून्य. लघवी, गळती आहे, दिवसातून तीन-चार वेळा, गादीवर रबर आहे ते बघून घ्या. शौचाला धरून न्यावं लागतं, आठवड्यातून एकदा-दोनदा वेळेत पोचत नाही. कपडे, वरचे अर्धे जमतात, खालचे नाही. जेवण हाताने जेवतो, थोडं सांडतं. औषधं ओळखू येत नाहीत, दिली तर घेतो. चष्म्याने दिसतं, डाव्या कानाने ऐकू येतं." ते थांबले. "गेल्या सहा महिन्यांत सात वेळा पडलो."

"तीनदा," आई म्हणाली.

"सात वेळा. चार वेळा तू बाजारात होतीस. सरकत सरकत पलंगापर्यंत आलो. तुला सांगितलं नाही."

आईने टॉवेल खाली ठेवला.

"आणि ते मनगट," बाबांनी आईकडे बोट केलं, "माझ्यामुळे मोडलं. ते कोणत्या रकान्यात लिहिता?"

तपासनीसांनी फॉर्म खालवर पाहिला. "त्याला रकाना नाही, आजोबा."

"हं," बाबा म्हणाले.

बायको दारात उभी होती. तिने या वेळी ट्रे आणला नव्हता. तोंडाला पदर लावून ती आत गेली. मी भिंतीला टेकून होतो आणि मला एवढंच वाटत होतं की हे मी करायला लावलं. माणूस घरात आणायचा म्हणून घरातला माणूस उघडा केला.

तपासनीसांनी एकेका रकान्यात आकडे भरले. दहा रकाने. मग खाली बेरीज लिहिली, सही केली आणि फॉर्म माझ्या दिशेने थोडासा फिरवला, मला दिसेल असा. चौतीस.

चौतीस! मी श्वास सोडला. दहा आठवडे कोंडलेला श्वास. पस्तीसच्या आत. रोज दोन तास. आईचा हात बरा होईपर्यंत, झाल्यावरही. मी आईकडे पाहून मान हलवली, तिने डोळे मिटले.

"चूक आहे," बाबा म्हणाले.

ते चष्म्यातून फॉर्मकडे पाहत होते. फॉर्म त्यांच्या बाजूने उलटा होता. एक्केचाळीस वर्षं टेबलाच्या पलीकडून दुसऱ्यांचे कागद उलटे वाचण्यात गेलेली.

"दोन, दोन, शून्य, दोन, तीन, आठ, चार, शून्य, सहा, नऊ. छत्तीस होतात. तुम्ही जेवणाचा आठ सहा धरलात."

तपासनीसांनी मान वर केली. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तेव्हा मला कळलं की बेरीज चुकून चुकलेली नव्हती.

"आजोबा," ते अगदी हळू म्हणाले, "राहू द्या ना."

"बाबा," मी म्हणालो.

"अहो," आई म्हणाली.

"राहू कसं द्यायचं? खाली सही आहे त्यांची. उद्या कुणी तपासलं तर माणूस नोकरीवरून जाईल." बाबांनी खिशाचं पेन काढून पुढे केलं. "दुरुस्त करा. बाजूला छोटी सही करा. अशी चूक माझ्याकडूनही झाली आहे एकदा."

तपासनीसांनी ते पेन घेतलं नाही. स्वतःच्याच पेनाने चौतीस खोडलं, छत्तीस लिहिलं, बाजूला सही केली. फॉर्मखाली कार्बन होता, प्रत आमच्या हातात दिली. दारात चपला घातल्या आणि माझ्या खांद्याला हात लावून ते गेले.

संध्याकाळी परिपत्रक काका खाली आले. प्रत पाहिली, चष्मा वर केला. मी म्हटलं आता हा माणूस बाबांना बोलेल आणि निदान माझं बोलायचं वाचेल. पण त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, एकच गुण! निराश व्हायचं कारण नाही. सहा महिन्यांनी नव्याने अर्ज करता येतो, नियम अकरा. एक गुण काय, सहा महिन्यांत सहज उतरेल."

काकांना आपण काय बोललो ते अजूनही कळलं नसावं. बाबांनी मात्र त्यावर नीट विचार केला. त्यांनी डावा गुडघा हाताने दाबून पाहिला, बोटं उघडली, मिटली.

"सहा कशाला," ते म्हणाले. "झीज बघता चार महिन्यांतच उतरेल. पण नियम सहाचा आहे तर सहा. तारीख लिहून ठेव रे."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेलो. पानं उलटत गेलो. सहा महिन्यांनंतरचं पान त्यात नव्हतं, कॅलेंडर डिसेंबरला संपत होतं. मी डिसेंबरच्या शेवटच्या तारखेखाली, कागदाच्या कडेला उरलेल्या जागेत लिहिलं, 'बाबा, अर्ज.'

मागे आई खुर्चीतून उठायला लागलेली मला ऐकू आली.

"तू बस," बाबा तिला म्हणाले. आणि मग मला, आयुष्यात पहिल्यांदा, "अरे, इकडे ये. मला जायचंय. आणि काखेत धरू नकोस, कमरेला धर. काखेत धरलं की धरणारा पडतो."